ग्रंथालयांचा दाता : अँड्र्यू कार्नेगी



या पत्रिकेतून आम्ही आपणांस थोर व्यक्तींचा परिचय करून देत असतो. या वेळी मात्र सातासमुद्रापलीकडच्या एका माणसाची गोष्ट सांगायचे ठरवले आहे. त्याला निमित्तही तसेच घडले. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या आठवड्यात सहावीतील एका मुलीने आम्हाला विचारले की, तुमच्या खोलीबाहेरच्या काचेच्या कपाटातली पुस्तके कोणासाठी आहेत? आम्ही म्हणालो, तुमच्यासाठीच. त्यावर तिने अगदी साधेपणाने विचारले की, मग त्याला कुलूप का असते? याचे उत्तर आम्हाला देता आले नाही. त्या दिवशी घरी गेल्यावर ज्याची आठवण झाली, तो माणूस म्हणजे अँड्र्यू कार्नेगी.

कार्नेगी यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८३५ रोजी स्कॉटलंडमधील डनफर्मलिन या गावी झाला. वडील विल्यम हे हातमागावर लिननचे नक्षीदार कापड विणत. घरात खालच्या मजल्यावर माग आणि वर राहण्याची जागा, असा त्यांचा संसार होता. आई मार्गारेट अतिशय कर्तबगार आणि मानी. घर गरीब असले तरी वाचनाची ओढ होती. वडील आणि आणखी चार विणकरांनी आपापली थोडीफार पुस्तके एकत्र करून गावात देवघेवीचे वाचनालय सुरू केले होते, असे कार्नेगी पुढे मोठ्या अभिमानाने सांगत असत.

पण लवकरच वाफेवर चालणारे यंत्रमाग आले आणि हातमागाची कामे बंद पडत गेली. कुशल विणकर बेकार झाले. आईने लहानसे दुकान चालवून, मोच्याकडची शिवणकामे करून घर सावरले, तरी भागेना. अखेर १८४८ मध्ये उसने पैसे घेऊन हे कुटुंब अमेरिकेला निघाले आणि पेनसिल्व्हेनियातील पिट्सबर्ग शहरालगतच्या अ‍ॅलेगेनी या वस्तीत राहू लागले. अँड्र्यूचे वय तेव्हा बारा वर्षांचे होते.

शाळा तेथेच संपली. तेराव्या वर्षी तो कापडाच्या गिरणीत बॉबिन उचलणारा पोऱ्या म्हणून लागला. पहाटे अंधारात जायचे आणि रात्री अंधारातच परतायचे. आठवड्याचा पगार एक डॉलर वीस सेंट. पुढे दुसऱ्या कारखान्यात तळघरातील लहान वाफेचे इंजिन सांभाळण्याचे काम मिळाले. बॉयलर फुटेल की काय या भीतीने हा मुलगा रात्री झोपेतून दचकून उठत असे, पण घरी कोणाला काही सांगत नसे. आपण मोठी माणसे मुलांच्या झोपेकडे किती लक्ष देतो, हे वाचताना आम्हाला स्वतःलाच विचारावेसे वाटले.

१८४९ मध्ये त्याला तारघरात निरोप्याची नोकरी मिळाली. आठवड्याला अडीच डॉलर! हा नवा पोऱ्या शहरातील दुकानांची आणि पेढ्यांची नावे-पत्ते पाठ करू लागला. रस्त्यात माणूस दिसला की त्याला ओळखून तेथेच तार देता यावी, हा हेतू. सकाळी लवकर येऊन तो तारयंत्र शिकला आणि कागदाच्या पट्टीकडे न पाहता केवळ टकटक आवाजावरून संदेश लिहून घेऊ लागला. असे करू शकणारे लोक त्या काळी फार थोडे होते.

शनिवारचे वाचनालय

याच दिवसांत त्याच्या आयुष्यात एक गृहस्थ आले. त्यांचे नाव कर्नल जेम्स अँडरसन. त्यांच्याकडे सुमारे चारशे पुस्तके होती. त्यांनी जाहीर केले की, कामकरी मुलांनी दर शनिवारी यावे, एक पुस्तक न्यावे आणि पुढच्या शनिवारी ते परत करून दुसरे घ्यावे. चारशे पुस्तके म्हणजे काही फार मोठा संग्रह नव्हे. आज एखाद्या सुखवस्तू घरातही तेवढी असतात. पण आठवडाभर तारा वाहणाऱ्या या मुलाला शनिवारची वाट पाहण्याचा छंद जडला. इतिहास, निबंध, नाटके असे जे मिळेल ते तो वाचत गेला. शाळा सुटलेल्या मुलाला शाळा पुन्हा मिळाली.

पुढे हा संग्रह वाढला आणि त्याची व्यवस्था इतरांच्या हाती गेली. तेव्हा असा नियम निघाला की, कारागिरी शिकणाऱ्या उमेदवार मुलांनाच फुकट प्रवेश. बाकीच्यांनी वर्षाला दोन डॉलर भरावेत. तारघरातील मुलगा कारागीर नाही म्हणून तो बाहेर राहिला. अँड्र्यूने काय केले? १८५३ मध्ये त्याने सरळ वृत्तपत्राला पत्र लिहिले. व्यवस्थापकांनी उत्तर दिले, त्याने प्रत्युत्तर दिले, आणि शेवटी नियम बदलला. विद्यार्थी मित्रांनो, त्याने भांडण केले नाही, दगड मारला नाही. नीट मुद्दे मांडून पत्र लिहिले. आपल्यावर अन्याय होत आहे असे वाटले तर ते शुद्ध भाषेत लिहिता यावे, यासाठीच तर आम्ही तुम्हाला पत्रलेखन शिकवतो!

श्रीमंती आणि तिची दुसरी बाजू

त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे अधिकारी टॉमस स्कॉट यांनी त्याला महिना पस्तीस डॉलरवर आपल्याकडे घेतले. १८५९ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो पिट्सबर्ग विभागाचा प्रमुख झाला. स्कॉट यांच्या सल्ल्याने आईने घर गहाण ठेवून त्याला पहिले समभाग घेऊन दिले. मग झोपण्याच्या सोयीचे रेल्वेडबे, तेल, लोखंडी पूल असा एकेक व्यवसाय वाढत गेला. तिशी संपायच्या आधीच तो श्रीमंत होता. १८६८ च्या अखेरीस त्याने स्वतःसाठी एक टिपण लिहून ठेवले. केवळ पैशाच्या मागे लागल्यास आपले अधःपतन होईल, म्हणून दोन वर्षांत धंदा सोडून शिक्षण घ्यावे आणि लोकोपयोगी कामे करावीत, असा त्याचा आशय होता. पण तो संकल्प अमलात यायला तीस वर्षांहून अधिक काळ लागला.

१८७५ मध्ये ब्रॅडक येथे त्यांचा पोलादाचा मोठा कारखाना सुरू झाला. बेसेमर पद्धतीने रुळांचे पोलाद तेथे तयार होई. कारखान्याला त्यांनी पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या अध्यक्षांचे, म्हणजे आपल्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाचे, नाव दिले. यावरून त्यांची व्यापारी हुशारी लक्षात येईल. १८७८-७९ मध्ये त्यांनी जगाची सफर केली. त्या प्रवासात ते हिंदुस्थानातही आले आणि मुंबईही पाहून गेले.

इथपर्यंतची गोष्ट मुलांना सांगायला सोपी आहे. गरीब मुलगा कष्टाने मोठा झाला, की झाले. परंतु आम्हाला अर्धी गोष्ट सांगायची नाही. कारखान्यातील भट्ट्यांवर माणसे दिवसाचे बारा तास राबत. ब्रॅडकच्या कारखान्यात काही वर्षे आठ तासांची पाळी होती. १८८८ मध्ये संप मोडून ती पुन्हा बारा तासांची करण्यात आली. पुढच्याच वर्षी, १८८९ मध्ये, त्याच ब्रॅडकमध्ये कार्नेगींनी अमेरिकेतील आपले पहिले ग्रंथालय उघडले. त्याच्या तळघरात कामगारांसाठी स्नानगृहेही होती.

१८९२ मध्ये होमस्टेडच्या कारखान्यात मजुरीच्या प्रश्नावर मोठा तंटा झाला. कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये होते. त्यांचे भागीदार हेन्री फ्रिक यांनी कारखान्याला कुंपण घातले आणि तीनशे खाजगी सशस्त्र रक्षक बोटींतून आणवले. ६ जुलै रोजी नदीकाठी लढाई झाली. दोन्ही बाजूंची माणसे मेली. नंतर राज्याची फौज आली आणि संघटना मोडली. कार्नेगी दूर होते खरे, पण संघटना मोडण्याच्या धोरणाला त्यांची संमती होती. ही गोष्ट त्यांना जन्मभर सलत राहिली. सहा वर्षांनी, १८९८ मध्ये, होमस्टेडलाही त्यांनी भव्य ग्रंथालय दिले. बारा तास भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस रात्री पुस्तक कसे वाचणार, असे तेथील कामगार म्हणत. व्हीलिंग या शहरात तर कामगार संघटनांनी विरोध केला आणि १९०४ मध्ये मतदानाने त्यांचे अनुदान नाकारले गेले. दान घेणाऱ्यालाही स्वाभिमान असतो, हे या लोकांनी दाखवून दिले.

देणगीची अट

१८८९ मध्ये कार्नेगींनी संपत्तीविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. श्रीमंत माणूस हा समाजाच्या धनाचा केवळ विश्वस्त आहे आणि मरताना धन मागे ठेवणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे, असा त्याचा सारांश होता. मग १९०१ मध्ये त्यांनी आपली कंपनी जे. पी. मॉर्गन यांना विकली. सौदा ४८ कोटी डॉलरचा ठरला आणि कार्नेगींच्या वाट्याला साडेबावीस कोटी डॉलरच्या आसपास रक्कम आली. वय पासष्ट. यापुढचे आयुष्य त्यांनी धन वाटण्यात घालवले.

त्यांचे पहिले ग्रंथालय जन्मगावी, डनफर्मलिनमध्ये, १८८३ मध्येच उघडले होते. त्याची कोनशिला त्यांच्या आईने बसवली होती. तेव्हापासून पुढे सुमारे अडीच हजार ग्रंथालयांच्या इमारती त्यांच्या पैशातून उभ्या राहिल्या. त्यांपैकी सुमारे १,७०० अमेरिकेत, ६६० ब्रिटन व आयर्लंडमध्ये, १२५ कॅनडात आणि बाकीच्या न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका इत्यादी देशांत. एकट्या न्यूयॉर्क शहराला त्यांनी शाखा बांधण्यासाठी बावन्न लाख डॉलर दिले. शंभराहून अधिक महाविद्यालयांनाही ग्रंथालये मिळाली.

पण त्यांच्या देणगीची खरी ओळख या आकड्यांत नाही, तिच्या अटीत आहे. विश्वस्त मंडळींनी हा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा, अशी आमची विनंती. कार्नेगी इमारतीसाठी पैसे देत. पुस्तके, पगार किंवा दिवाबत्ती यांसाठी नव्हे. अर्ज करणाऱ्या गावाने जागा स्वतः द्यायची आणि दरवर्षी देणगीच्या एक-दशांश रक्कम करातून ग्रंथालयावर खर्च करण्याचे लेखी वचन द्यायचे. दहा हजार डॉलरची इमारत हवी, तर दरसाल एक हजार डॉलरची तरतूद गावाने करायची. रक्कम ठरवताना साधारण दरडोई दोन डॉलर असा हिशोब असे. हे सारे त्यांचे चिटणीस जेम्स बर्ट्रम पाहत. गावाची लोकसंख्या किती, सध्या वाचनालय आहे काय, कर किती बसवणार, असे नेमके प्रश्न ते विचारत. गावे उगाच घुमट आणि खांब यांवर पैसा उधळू लागली, तेव्हा १९११ मध्ये बर्ट्रम यांनी नमुन्याचे नकाशे असलेले छोटे पत्रक छापले. त्यातील इंग्रजी शब्दही कार्नेगींच्या आवडत्या सोप्या स्पेलिंगने लिहिलेले होते!

या अटीमागचा विचार सरळ होता. फुकट मिळालेली वस्तू कोणाचीच नसते. ज्या ग्रंथालयासाठी गाव दरवर्षी स्वतःच्या खिशातून पैसे देते, त्याच्याकडे गाव लक्षही देते. शिवाय दात्याचे निधन झाले तरी ते बंद पडत नाही. अर्थात सगळीकडे वचन पाळले गेले असे नाही. काही गावांनी इमारत घेतली आणि खर्चाच्या वेळी हात आखडता घेतला. १९१६ मध्ये अल्विन जॉन्सन या अभ्यासकाने प्रत्यक्ष पाहणी करून दाखवून दिले की, इमारतींपेक्षा शिकलेल्या ग्रंथपालांची गरज अधिक आहे. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि नव्या इमारतींची अनुदाने थांबली.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा भाग पुरा होत नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय लोकांना या ग्रंथालयांत प्रवेश नसे. १९०२ मध्ये अटलांटा येथे कार्नेगी ग्रंथालय उघडले, तेव्हा विद्वान प्राध्यापक डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी शिष्टमंडळ नेऊन जाब विचारला, पण दरवाजे उघडले नाहीत. दाराशी अडवला गेलेला एक तारघरातील मुलगा आपण पाहिला. त्याच मुलाच्या पैशातून बांधलेल्या दाराशी दुसऱ्या कोणाला तरी अडवले जात होते. दुसरीकडे, टस्कीगी येथील बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या संस्थेला कार्नेगींनी वीस हजार डॉलर दिले आणि तेथील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी स्वतः राबून १९०१ मध्ये आपले ग्रंथालय उभे केले. लुईव्हिल येथे १९०८ मध्ये कार्नेगींच्या अनुदानातून कृष्णवर्णीयांसाठी स्वतंत्र शाखेची इमारत झाली आणि तिचे ग्रंथपाल टॉमस फाउंटन ब्लू यांनी पुढे इतरांनाही हे काम शिकवले.

कार्नेगींनी ग्रंथालयांखेरीज विद्यापीठे, संशोधन संस्था, चर्चमधील हजारो ऑर्गन वाद्ये, हेग येथील शांतता प्रासाद यांसाठीही धन दिले. लहानपणी डनफर्मलिनच्या ज्या बागेत त्यांच्या आजोळच्या लोकांना मज्जाव होता, ती बाग त्यांनी विकत घेऊन गावातील मुलांना खुली केली. महायुद्धाने त्यांचे शांततेचे स्वप्न मोडले आणि ते खचले. ११ ऑगस्ट १९१९ रोजी लेनॉक्स येथे त्यांचे निधन झाले. तोपर्यंत सुमारे ३५ कोटी डॉलर त्यांनी वाटून टाकले होते.

आपल्या जवळचा धागा

हे सारे अमेरिकेत झाले, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो मराठी माणसाला अभिमान वाटावा असा आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकेच्या दौऱ्यात तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यास बोलावले. महाराजांचा स्वतःचा सुमारे वीस हजार पुस्तकांचा संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाला मिळाला. खेड्यापाड्यांत लाकडी पेट्यांतून फिरती वाचनालये गेली. गावाच्या वाचनालयासाठी रीत अशी ठरली की, गावाने काही रक्कम जमवली की तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालायची. म्हणजे इथेही गावाचा हात आधी पुढे यायला हवा होता. सक्तीच्या शिक्षणाने वाचायला शिकलेला माणूस पुस्तकाअभावी पुन्हा निरक्षर होऊ नये, ही महाराजांची काळजी होती.

ही काळजी आमच्या मनाला विशेष भिडते. आमचे स्वतःचे सर्व शिक्षण, अगदी पदवीपर्यंत, हिंदी माध्यमातून झाले. मराठी घरात बोलत होतो, पण लिहायला-वाचायला आम्ही ती शाळेत शिकलो नाही. महाराष्ट्रापासून दूर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्या या समाजाच्या वाचनालयात, रविवारी सकाळी दोन तास, दिवाळी अंकांच्या जुन्या गठ्ठ्यांवर बसून शिकलो. कोणीतरी ते दार उघडे ठेवले होते म्हणून आज हा लेख आम्ही मराठीत लिहू शकत आहोत. आणि तरीही शाळेतील कपाटाची किल्ली आम्ही आमच्याच टेबलाच्या खणात ठेवली! पुस्तके एका सद्गृहस्थांनी दिलेली, नवीन, सुंदर बांधणीची. ती हरवू नयेत, मळू नयेत, एवढीच चिंता होती. पुस्तके मळली नाहीत, कारण ती कोणी वाचलीच नाहीत. हा दोष देणगीदाराचा नाही, मुलांचा नाही. तो आमचा आहे.

म्हणून आम्ही ठरवले आहे की, यापुढे दर शनिवारी शेवटच्या दोन तासिकांना हे कपाट उघडे राहील. एक पुस्तक न्यायचे, पुढच्या शनिवारी परत आणायचे. नोंदवही आठवी-नववीचे विद्यार्थी सांभाळतील. पुस्तक फाटले तर डिंक-कागदाने चिकटवायला शिकवू. त्यासाठी कोणालाही प्रवेश बंद होणार नाही. पालकांना विनंती की, घरात मूल मराठी पुस्तक घेऊन बसले तर पंधरा मिनिटे टीव्ही बंद ठेवावा आणि जमल्यास स्वतःही शेजारी बसावे. आणि विश्वस्त मंडळींना नम्र विनंती की, मिळालेल्या देणगीच्या एक-दशांश इतकी रक्कम दरवर्षी नवीन पुस्तकांसाठी अंदाजपत्रकात धरावी. रक्कम फार मोठी होत नाही.

कार्नेगींचे गुण आणि दोष दोन्ही आम्ही आपल्यासमोर ठेवले. त्यांच्याइतके धन आपल्यापैकी कोणाजवळ नाही, पण कर्नल अँडरसन यांच्याइतकी पुस्तके आपल्या शाळेत नक्की आहेत. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता, तिच्या नावावर नोंदवहीतील पहिली ओळ लिहिली जाईल. येत्या शनिवारी आम्ही किल्ली घेऊन कपाटापाशी उभे राहू. अवश्य या.